नव्या पीसीत रॅम खराब वाटतेय? दुकानात जाण्याआधी हे याच क्रमाने तपासा

"मामा, रॅम गेली वाटतं." इंदूरच्या लोकमान्य नगरहून भाच्याचा फोन. पीसी जोडून चारच दिवस झाले होते. काय काय करून पाहिलंस, असं विचारलं तर यादी सुरू झाली. दोन्ही स्टिक काढून परत लावल्या, खोडरबरने घासल्या, स्लॉट बदलले, बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं, विंडोज पुन्हा टाकलं, एक्सएमपी (रॅम खोक्यावरच्या जास्त वेगाने चालवणारं बायोसमधलं सेटिंग) चालू करून बंद केलं. सगळं एकाच संध्याकाळी. यातल्या कशामुळे काय बदललं, हे आता ना त्याला सांगता येत होतं ना मला.

असे फोन मला बरेच येतात आणि चूक जवळपास नेहमी हीच असते. रॅम तपासणं अवघड नाही, पण त्याला क्रम आहे. क्रम चुकला की चांगली स्टिक परत जाते, खराब स्टिक घरात राहते आणि दुकानदाराशी उगाच वाद होतो. खालचा क्रम डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन्ही पिढ्यांना चालतो. एक दिवस आणि दोन रात्री हाताशी ठेवा. त्यातला बहुतेक वेळ मशीनच काम करत असतं.

टप्पा १: तयारी

हे जवळ घ्या: मदरबोर्डचं मॅन्युअल, फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, एक रिकामा पेन ड्राइव्ह, एखादा चालू लॅपटॉप आणि वही-पेन. वहीला पर्याय नाही. प्रत्येक चाचणीला एक ओळ: कुठली स्टिक, कुठला स्लॉट, किती वेग, काय झालं. दोन्ही स्टिक दिसायला सारख्या असतात, म्हणून पेन्सिलीने छोट्या कागदी चिठ्ठ्यांवर "क" आणि "ख" लिहून चिकटवा. कंपनीच्या स्टिकरवर काहीही लिहू नका, तो सोलूही नका. त्यावरचा सीरियल नंबर गेला की वॉरंटी गेली. स्टिकरचा आणि बिलाचा फोटो आत्ताच काढून ठेवा.

बिलाची तारीख पाहा. ऑनलाइन घेतलं असेल तर बदलून देण्याची मुदत बहुधा सात-दहा दिवसांचीच असते. ती संपत आली असेल तर विनंती आधी टाका आणि चाचणी त्यानंतर करा.

आता स्थिर विजेबद्दल. इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते, अंगात स्वेटर असतो आणि लोक गादीवर किंवा सतरंजीवर बसून पीसी उघडतात. रॅमला याहून वाईट काही नाही. लाकडी टेबलावर काम करा, लोकरीचा स्वेटर काढून ठेवा आणि स्टिकला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या न रंगवलेल्या धातूला हात लावा. स्टिक नेहमी कडांना धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लागू देऊ नका.

राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांतून अर्थिंग नसतं किंवा नावापुरतं असतं. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटत असेल तर रॅमचं नंतर बघा, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन कुठल्याही अडॅप्टरने टाळू नका.

थांबा: विंडोज ११ टाकलेलं असेल तर ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेला असू शकतो. बायोसमधल्या सेटिंग बदलल्यावर तो ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती की आहे का पाहा आणि वहीत उतरवून घ्या.

टप्पा २: हे खरंच रॅमचं लक्षण आहे का?

तक्रारी दोन जातीच्या असतात. पहिली: पंखे फिरतात, स्क्रीन येत नाही. दुसरी: पीसी चालू होतो, पण मध्येच ब्लू स्क्रीन येते आणि दर वेळी नाव वेगळं असतं. कधी "मेमरी मॅनेजमेंट", कधी "पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया", कधी "आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल". ब्राउझरचे टॅब आपोआप कोसळतात, मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइल बिघडल्याची सूचना) येते, गेमचं इन्स्टॉलेशन दर वेळी वेगळ्याच टक्क्यावर अडकतं. दर वेळी वेगळं काहीतरी बिघडणं हेच रॅमचं खरं लक्षण. नेहमी एकच गेम, एकाच ठिकाणी बंद पडत असेल तर आधी ग्राफिक्स ड्रायव्हरकडे पाहा.

पहिल्या जातीच्या तक्रारीत मदरबोर्डवरचे चार छोटे दिवे पाहा: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट. डीरॅमचा दिवा अडकून राहिला तर पुढे चला. व्हीजीएचा दिवा असेल तर रॅमला हात लावू नका. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला लावलेली असते आणि प्रोसेसर नावात शेवटी "एफ" असलेला इंटेलचा, म्हणजे ज्यात ग्राफिक्स नाहीच असा असतो. हे मी कित्येकदा पाहिलं आहे.

आणखी एक तपासा: मदरबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात प्रोसेसरसाठीचा आठ पिनांचा कनेक्टर लावला आहे ना? तो राहिला तरी पंखे फिरतात आणि माणूस रॅमला दोष देतो.

टप्पा ३: स्टिक नीट बसली आहे का?

नव्या पीसीत "खराब" ठरवलेली रॅम पुष्कळदा फक्त अर्धवट बसलेली असते. म्हणून इथे घाई नको.

१. पीसी बंद करा, पॉवर सप्लायचं मागचं बटण बंद करा, भिंतीतला प्लग काढा. मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल.

२. कॅबिनेट आडवं ठेवा. उभ्या कॅबिनेटमध्ये स्टिक दाबली की बोर्ड मागे वाकतो आणि दाब नीट बसत नाही.

३. दोन स्टिक असतील तर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर त्यांची नावं ए२ आणि बी२ असतात. शेजारशेजारच्या दोन स्लॉटमध्ये लावलेली जोडी ही नवख्यांची सर्वात नेहमीची चूक. मॅन्युअलमधलं चित्र पाहूनच लावा.

४. स्टिकची खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवा. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते. एकीची स्टिक दुसरीच्या बोर्डात बसत नाही आणि जबरदस्तीने स्लॉट तुटतो.

५. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबा, "टक" असा आवाज येईपर्यंत. नवे स्लॉट बरेच कडक असतात.

तपासा: अनेक बोर्डांवर स्लॉटला एकाच बाजूला लिव्हर असते. लिव्हरचं टोक बंद झालं की माणसाला वाटतं, झालं. पण दुसरं टोक मिलिमीटरभर वर राहिलेलं असतं. टॉर्च आडवा धरून पाहा. सोनेरी पट्ट्यांची रेघ दोन्ही टोकांना सारखीच दिसायला हवी.

खोडरबरबद्दल मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे हा उपाय घरोघरी माहीत आहे. दहा वर्षं धूळ खाल्लेल्या जुन्या मशीनवर त्याने काम झालेलं मीही पाहिलंय. पण नव्या स्टिकवर काजळी नसतेच. घासल्याने सोन्याचा पातळ थर झिजतो, रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो आणि घासताना स्थिर वीज तयार होते ती वेगळीच. हाताचे डाग पडलेच असतील तर सुती कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलकेच पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

टप्पा ४: एकच स्टिक, कोऱ्या सेटिंगवर

आता "ख" बाजूला ठेवा. फक्त "क" ए२ मध्ये लावा. जास्तीचे ड्राइव्ह, यूएसबी हब, वायफाय कार्ड सगळं काढून टाका.

मग बायोस कोरं करा. प्लग काढलेला असतानाच बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा, किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक काही सेकंद टेकवा. सेल परत लावा आणि पीसी चालू करा.

थांबा, आणि खरोखरच थांबा: डीडीआर५च्या बोर्डावर पहिल्यांदा चालू करताना, आणि बायोस कोरं केल्यावर दर वेळी, बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो. म्हणजे त्या स्टिकला कुठली वेळ, कुठला व्होल्टेज मानवतो ते शोधतो. तेवढा वेळ स्क्रीन काळी असते आणि डीरॅमचा दिवा लागलेला असतो. एएमडीच्या एएम५ बोर्डांवर याला काही मिनिटं लागतात, रॅम जास्त असेल तर आणखी. घाबरलेला माणूस दुसऱ्याच मिनिटाला बटण दाबून बंद करतो, मग ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. पंधरा मिनिटं घड्याळ लावून पीसीला हात न लावता बसा. चहा करून आणा.

पंधरा मिनिटांनंतरही काही नाही, तर "क" काढा आणि त्याच ए२ मध्ये "ख" लावून हेच करा. एक चालली आणि एक नाही, तर उत्तर जवळपास मिळालं. पण नक्की म्हणायला टप्पा ६ वाचा.

टप्पा ५: मेमरीची चाचणी

विंडोजमध्ये मेमरी डायग्नॉस्टिक आहे, पण तिच्यावर विसंबू नका. तिने एरर दाखवली तर ती खरी माना. "काही आढळलं नाही" म्हटलं तर त्याचा फारसा अर्थ नाही, वरवरच्या चाचणीतून खराब स्टिक सहज सुटते. मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६ प्लस वापरा. दोन्ही फुकट मिळतात आणि पेन ड्राइव्हवरून विंडोजशिवाय चालतात.

१. चालू लॅपटॉपवर पेन ड्राइव्ह तयार करा. खराब रॅमच्या मशीनवर तयार केलेल्या पेन ड्राइव्हवर भरवसा नको.

२. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (काही बोर्डांवर त्याचं नाव एक्सपो किंवा डीओसीपी असतं) बंद आहे याची खात्री करा. पहिली चाचणी मूळ वेगावरच घ्यायची. डीडीआर५वर हा वेग साधारण ४८०० ते ५६००, डीडीआर४वर २१३३ ते ३२०० दिसेल. खोक्यावर ६००० लिहिलंय आणि इथे ४८०० दिसतंय म्हणून स्टिक खोटी ठरत नाही.

३. पेन ड्राइव्हवरून सुरू करा. सुरू होत नसेल तर चाचणीपुरतं बायोसमधलं सिक्युअर बूट बंद करा.

४. निदान चार फेऱ्या होऊ द्या. १६ जीबीच्या एका स्टिकलाही काही तास लागतात. रात्री लावून झोपा. मध्ये वीज गेली तर नुकसान नाही, फक्त पुन्हा सुरू करावं लागेल.

५. कॅबिनेटचं झाकण लावून चाचणी घ्या. काही स्टिक गार असताना शहाण्यासारख्या वागतात आणि तापल्यावरच चुकतात. मे महिन्यात इंदुरात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा एसी नसलेल्या खोलीत दुपारची एक चाचणीही घ्या. पीसी शेवटी तिथेच चालायचा आहे.

किती एरर चालतात? एकही नाही. मूळ वेगावर चार फेऱ्यांत एक लाल ओळ आली तरी ती नापास. "कोट्यवधी जागांत एकच तर चुकली" हा हिशेब इथे चालत नाही, ती जागा उद्या तुमच्या फोटोंची किंवा टॅलीच्या फाइलची असेल.

डीडीआर५मध्ये ईसीसी (चुका आपोआप दुरुस्त करणारी सोय) असतं, मग एरर कशी येईल, असाही प्रश्न येतो. ते ईसीसी चिपच्या आतल्या आत चुका दुरुस्त करतं. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर जे बिघडतं त्याला ते पुरत नाही, आणि काय दुरुस्त केलं हे तुम्हाला सांगतही नाही. सर्व्हरमधलं ईसीसी निराळं.

लाल ओळ दिसली की मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा. फोटोत एररची संख्या, फेरी आणि रॅमचा वेग दिसायला हवा. "क" झाल्यावर त्याच ए२ मध्ये "ख", तेवढ्याच फेऱ्या.

टप्पा ६: वही पाहून निकाल

इथेच माणसं घसरतात. भाच्याने दोन्ही स्टिक एकत्र लावून चाचणी घेतली होती. एरर आली, दोन्ही घेऊन तो दुकानात गेला. तिथल्या माणसाने एक स्टिक आपल्या बोर्डात लावली, स्क्रीन आली. "चल तो रही है, भैया!" आणि भाचा परत आला. स्क्रीन येणं म्हणजे रॅम चांगली असणं नव्हे, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मग घरी एकेक स्टिक वेगळी तपासली. "क" चारही फेऱ्या स्वच्छ. "ख"ला पहिल्या दोन फेऱ्यांत काही नाही, तिसऱ्या फेरीत एकोणीस एरर.

एवढ्यावरही थांबलो नाही. "ख" दुसऱ्या स्लॉटमध्ये, बी२ मध्ये लावली. तिथेही एरर. आणि "क" बी२ मध्येही स्वच्छ. तेव्हा कुठे म्हणता आलं की दोष "ख"चाच.

तर हिशेब असा. एरर स्टिकच्या मागोमाग प्रत्येक स्लॉटमध्ये जात असेल आणि दुसरी स्टिक त्याच स्लॉटमध्ये चांगली असेल, तर स्टिक खराब. एरर स्लॉटपाशीच थांबत असेल, म्हणजे कुठलीही स्टिक बी२ मध्ये रडते आणि ए२ मध्ये हसते, तर स्टिक निर्दोष. टप्पा ८ पाहा. दोन्ही स्टिक सगळीकडे चुकत असतील तर दोन्ही एकदम खराब निघाल्या असं लगेच धरू नका. तसं क्वचित होतं. प्रोसेसर, बोर्ड किंवा पॉवर सप्लायकडे पाहा. एकेकटी चांगली आणि जोडीने चुकतात, तर त्या एकाच किटच्या, म्हणजे एकाच खोक्यात जोडीने आलेल्या आहेत का पाहा. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या एकाच मॉडेलच्या दोन स्टिकमध्येही आतल्या चिप वेगळ्या असू शकतात.

टप्पा ७: एक्सएमपीचा वेग

मूळ वेगावर सगळं स्वच्छ झालं तरच इथे या. एक्सएमपी चालू करा, दुसरं काही बदलू नका, दोन्ही स्टिकसह रात्रभर चाचणी.

इथे एरर आली तर याचा अर्थ स्टिक खराबच असा नाही. खोक्यावरचा वेग हा प्रोसेसर कंपनीच्या लेखी ओव्हरक्लॉक आहे आणि तो गाठण्यात प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचाही वाटा असतो. मदरबोर्डच्या संकेतस्थळावर चाचणी केलेल्या रॅमची यादी असते, तिच्यात आपलं मॉडेल आहे का पाहा. बायोस अपडेट करा, मग एक पायरी खाली या. ६००० ऐवजी ५६००. व्होल्टेज वाढवून बघण्याचा मोह टाळा, वॉरंटीत असलेल्या मालाशी तो खेळ करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

चार स्टिक लावल्या असतील तर अपेक्षा कमीच ठेवा. रायझन ७००० मालिकेत चार डीडीआर५ स्टिकना एएमडीचा अधिकृत वेग फक्त ३६०० आहे, दोन स्टिकना ५२००. ३२ जीबी हवी असेल तर १६च्या दोन घ्या, ८च्या चार नको.

थांबा: बायोस अपडेट मूळ वेगावर स्वच्छ ठरलेल्या स्टिकवरच करा. खराब रॅममधून जाणारी बायोसची फाइल वाटेत बिघडली तर बोर्डच बंद पडू शकतो. बोर्डाला फ्लॅशबॅकचं (पेन ड्राइव्हवरून थेट बायोस टाकणारं) बटण असेल तर ते उत्तम, त्याला रॅम लागतच नाही. आणि पावसाळी संध्याकाळी यूपीएसशिवाय हे काम काढू नका.

टप्पा ८: दोष स्लॉटचा निघाला तर

स्लॉट स्वतः क्वचितच खराब असतो. पुष्कळदा प्रोसेसर आणि सॉकेट यांच्यामध्ये गडबड असते. कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले की प्रोसेसर किंचित तिरपा बसतो आणि एक पूर्ण चॅनेल (प्रोसेसरपासून रॅमकडे जाणारी एक वाट) दिसेनासा होतो. कूलर काढा, थर्मल पेस्ट पुसा, प्रोसेसर उचला आणि सॉकेटमधल्या (काही जुन्या एएमडी प्रोसेसरांत त्या प्रोसेसरच्याच खाली असतात) पिना टॉर्चच्या उजेडात वेगवेगळ्या कोनांतून पाहा. ओळीतली एखादी पिन वेगळी चमकली तर ती वाकलेली आहे. ती स्वतः सरळ करू नका, फोटो काढा आणि विक्रेत्याशी बोला. सगळं ठीक असेल तर नवी पेस्ट लावून स्क्रू आलटून पालटून, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा.

इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर आणखी एक शक्यता आहे. त्यांतल्या अस्थिरतेची लक्षणं रॅमसारखीच दिसतात. इंटेलने २०२४ मध्ये ती मान्य केली, ऑगस्टपासून त्यावरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) बायोस अपडेटमधून दिला आणि ठरावीक मॉडेलची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. रॅम स्वच्छ, तरी ब्लू स्क्रीन, असं असेल तर ताजं बायोस टाका. तरीही थांबलं नाही तर प्रोसेसरचा दावा करा.

टप्पा ९: बदलून घेताना

किट असेल तर दोन्ही स्टिक न्या, खराब एकच असली तरी. कंपन्या किट जोडीनेच बदलतात, आणि एकटी बदलून आलेली स्टिक जुनीशी जुळेलच असं नाही. मूळ प्लास्टिकच्या खोक्यात किंवा अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवा. थर्माकोल, वर्तमानपत्र, शर्टाचा खिसा यांतलं काहीही नको. उष्णता पसरवणारं धातूचं आवरण काढलेलं असेल तर दावा बहुधा फेटाळला जातो.

काउंटरवर "पीसी हँग होतो" असं सांगू नका. असं सांगा: "ही स्टिक मूळ वेगावर, दोन वेगळ्या स्लॉटमध्ये, मेमटेस्टच्या चार फेऱ्यांत एरर देते. दुसरी स्टिक त्याच स्लॉटमध्ये स्वच्छ आहे. हे फोटो." जेल रोडवरून, सिल्व्हर मॉलमधून घेतलं असो की ऑनलाइन, इतक्या स्पष्ट तक्रारीला उत्तर द्यावंच लागतं. दुकानात पाच मिनिटांत "चालतेय" म्हणाले तर चाचणीचा पेन ड्राइव्ह सोबत ठेवा आणि तिथेच लावायची विनंती करा. माल जमा केल्याची, सीरियल नंबर लिहिलेली पावती घेतल्याशिवाय उठू नका.

टोलवाटोलवी होत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात दावा करता येतो, विक्रेता दिल्लीचा असला तरी.

टप्पा १०: नवी स्टिक आल्यावर

बदलून आलेली स्टिक चांगलीच असेल असं गृहीत धरू नका. सीरियल नंबर पावतीशी ताडा आणि टप्पा ५ आणि ७ पुन्हा करा.

मग विंडोज. खराब रॅमवर टाकलेलं विंडोज ठेवू नका, पूर्ण पुसून नव्याने टाका. इन्स्टॉल होताना कुठली फाइल चुकीची लिहिली गेली हे सांगता येत नाही आणि सिस्टिम फाइल चेकर फक्त विंडोजच्याच फाइल तपासतो. इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह याच मशीनवर बनवला असेल तर तोही दुसरीकडे नव्याने बनवा.

त्या दिवसांत या पीसीवरून कॉपी केलेले फोटो, व्हिडिओ आणि हिशेबाच्या फाइल एकेक उघडून पाहा. फोनवरून फोटो इकडे घेतले असतील तर फोनमधले अजून पुसू नका. आणि या पीसीवरून जुन्या बॅकअपवर नवा बॅकअप चढवला असेल, तर त्याआधीची प्रत कुठे शिल्लक आहे का ते आजच शोधा.